खुनी कोण, हे अक्कांस ठाऊक असावे

तीर्थस्वरूप अक्का यांस,

साष्टांग नमस्कार घालावा अशी फार इच्छा आहे. परंतु अलीकडे मी जमिनीवर आडवा झालो की शेजारीपाजारी धावत येतात (त्याचे कारण पुढे ओघाने येईलच), सबब तूर्त उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. आपला गुडघा कसा आहे? सूनबाईंनी आणून दिलेली काठी आपण टेकण्याऐवजी लोकांच्या चुका दाखवण्यासाठी वापरता, असे मागे कळले होते. काठीचा तो उपयोग गैर आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र डॉक्टरांनी ती वेगळ्या उपयोगासाठी सुचवली होती, एवढे नम्रपणे नमूद करतो. माझी प्रकृती उत्तम आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवण होते आणि झोप शांत लागते. (तर्कशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने खोटे लिहू नये, म्हणून स्पष्ट करतो की या तिन्हींपैकी एकच विधान खरे आहे. कोणते, ते आपण खालच्या मजल्यावरील वहिनींना विचारू शकता. त्या मला डबा पाठवतात आणि परत आलेला डबा उघडून पाहतात.)

मूळ मुद्दा आधीच सांगून टाकतो. आपणांस कोणत्याही लिखाणाचे शेवटचे पान आधी वाचण्याची सवय आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्या घरात या सवयीस काय म्हणतात ते मी लिहीत नाही, कारण आपण वडीलधाऱ्या आहात. हे पत्रही आपण तळाकडून वाचावयास घेतले असेल, तर कृपा करून येथे परत यावे. मुद्दा असा की, आमची अखेरची रहस्यकथा शेवटच्या प्रकरणावाचून राहिली आहे. तीत खून कोणी केला हे मला ठाऊक नाही, आणि तिच्यावरून टीव्हीची मालिका काढणाऱ्या मंडळींना महिनाअखेरीस खुनी हवा आहे. मी दिला नाही, तर ते आपल्या पसंतीचा बसवतील. आपल्या बहिणीने, म्हणजे हिने, योजलेला शेवटचा खून कोणा परक्याच्या डोक्यातून पुरा व्हावा, हे मला सोसणार नाही. (मी अजून 'ही' असेच लिहितो. 'ती' लिहून पाहिले. कोणा दुसऱ्याच बाईंविषयी लिहीत आहे असे वाटले.)

ज्याच्या नावाने पुस्तके निघतात त्यालाच खुनी ठाऊक नाही, हे आपणांस विचित्र वाटेल. म्हणून आमची कामाची पद्धत सांगणे भाग आहे. लग्नापूर्वी मी रहस्यकथेस वाङ्मय मानत नसे. लग्नानंतर लगेचच मला एक लांबलचक ताप आला आणि हिने उशाशी बसून एक खुनी कादंबरी वाचून दाखवावयास घेतली. शेवटाच्या अलीकडे येताच पुस्तक मिटले आणि ही म्हणाली, "आधी औषध." ते औषध इतके कडू होते की एरवी मी ते खिडकीतून टाकीत असे, त्या दिवशी मात्र बाटलीला तोंड लावले. तेथून मी या वाङ्मयप्रकाराचा भक्त झालो. पुढे एकदा हिने वाटाणे सोलता सोलता एक संपूर्ण खून मला ऐकवला, हत्यारासकट, आणि विचारले, "तुम्ही एवढी लांब लांब वाक्यं करता, त्यात हा माणूस मावेल का हो?" माणूस मावला. खून हिने करावयाचा आणि वाक्ये मी, अशी आमची वाटणी कायम झाली.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी मला खुनी माहीत होता. तो एक डॉक्टर होता. मी पहिल्याच प्रकरणात लिहिले की, 'डॉक्टरांनी काहीशा अनावश्यक सौजन्याने चहाचा पेला पुढे केला.' वाचकांनी तेथेच पुस्तक मिटून डॉक्टरांना पकडले. आपणही पकडले होते, आणि तेही शेवटचे पान न उघडता, असे आपण आजतागायत सांगता. त्यावर हिने निकाल दिला की, "तुमच्या वाक्यांच्या पोटात काही राहत नाही. यापुढे तुम्हाला सांगायचंच नाही." तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाच्या उपांत्य प्रकरणाची शाई वाळेपर्यंत मला खुनी कळत नसे. मी सर्व संशयितांशी सारख्याच सभ्यतेने वागत असे आणि त्यामुळे वाचकांची दाणादाण उडत असे. समीक्षकांनी याला माझा संयम म्हटले. ते अज्ञान होते.

ही कधीही काही लिहून ठेवीत नसे. कागद फितूर असतो, असे हिचे मत. त्यामुळे कपाटे, खण, शिवणाचा डबा असे सारे शोधूनही काही सापडले नाही आणि सापडणार नाही हे शोधण्याआधीच मला माहीत होते. (तरी शोधले. हिच्या वस्तू हाताळावयास एक सबळ कारण मिळाले होते.) परंतु आपल्या त्या सवयीपायी ही हैराण होती. पुस्तक आपल्या हाती पडताच आपण शेवट उघडणार, म्हणून ही आधीच आपणांस फोन करून खुनी सांगून टाकी आणि वर शपथ घाली की, "आता तरी पहिल्यापासून वाच गं!" हे बोलणे मला ऐकू येऊ नये म्हणून ही गच्चीत जाऊन काचेचे दार लावून घेई. मी आत बसून पाहत असे. आवाज येत नसे. ही हसते आहे एवढे दिसे. सांगण्याचा हेतू असा की, जगात खुनी ठाऊक असण्याची शक्यता असलेली व्यक्ती एकच आहे, आणि तिचा गुडघा दुखतो.

आता प्रकरण थोडक्यात सांगतो. शब्दकोश छापणारा एक वृद्ध प्रकाशक आपल्या वाचनाच्या खोलीत मरून पडतो. दाराला आतून कडी. संशयित चौघे: पुतण्या, दुसरी पत्नी, घरचा डॉक्टर आणि प्रूफे तपासणारा एक काटेकोर गृहस्थ. तपास करणार आमच्या नेहमीच्या शिंपीणबाई, ज्या माप घेण्याच्या निमित्ताने लोकांना हात वर करावयास लावतात आणि त्या अवस्थेत प्रश्न विचारतात. मी हे हस्तलिखित तर्कशास्त्राच्या सर्व नियमांनी तपासले. जो निर्दोष सिद्ध होईल त्यास वगळत गेलो. चौघेही वगळले गेले. मग शिंपीणबाईंना वगळले, वाचनखोलीतील मांजरास वगळले, आणि अखेर प्रेतालाही. माझ्या अनुमानानुसार हा खून झालेलाच नाही. इतकी वर्षे मी विद्यार्थ्यांना काय शिकवले, असा प्रश्न त्या दिवशी पडला.

मालिकावाले सांत्वनाला आले तेव्हा दिग्दर्शकांनी चहा पिता पिता हळूच विचारले, "सर, शेवट तयार आहे ना?" मी म्हणालो, "आहे." हे विधान खरेच होते. शेवट तयार होता. फक्त माझ्याजवळ नव्हता. त्यांच्यासमवेत पटकथा लिहिणाऱ्या एक बाई असतात, ज्यांना कचेरीत सर्वजण कात्री म्हणतात, त्यांच्यादेखत. (त्यांनाही ते नाव आवडत असावे, कारण चष्मा केसांत खोचून त्या कागदाकडे ज्या नजरेने पाहतात त्यास दुसरे नाव शोभणार नाही.) मी त्यांना पहिला प्रवेश लिहून दिला: 'प्रूफे तपासणारा गृहस्थ खोलीत येतो. त्यास आपले बालपण आठवते. परंतु तो ते कोणास कळू देत नाही.' त्यांनी वाचले आणि विचारले, "काका, कोणालाच म्हणजे प्रेक्षकालासुद्धा नाही?" मी म्हणालो, अर्थातच नाही. "मग आम्ही कॅमेरा कुठे लावू?" दुसऱ्या प्रवेशात मी खिडकीबाहेरच्या उन्हाचे पाऊण पान वर्णन दिले होते. बाईंनी ते खोडून तेथे 'दिवस' असा एक शब्द लिहिला.

तथापि कबूल केले पाहिजे की, त्या कचेरीत जाणे मला आवडू लागले. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या असतात, एकेका चिठ्ठीवर एकेक प्रवेश. आणि कात्रीबाई चहाचा पेला हातात धरून त्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करीत राहतात. दुसऱ्या पत्नीस नवऱ्याचा राग आहे हे मी कादंबरीत एका दीर्घ परिच्छेदात, अर्धविरामांच्या साहाय्याने, सांगितले होते. बाईंनी तिला एक दार लावावयास दिले. नुसते दार, आणि तेही हळू. घरी येऊन हे हिला केव्हा सांगेन असे झाले, आणि जिन्यात लक्षात आले. मग दाराशी उभा राहून थोडा वेळ किल्ली शोधल्यासारखे केले. (किल्ली हातातच होती.)

दिग्दर्शकांना मात्र शेवट अधिक दणदणीत हवा आहे. डॉक्टरांना एक जुळा भाऊ द्यावा आणि शिंपीणबाईंनी गच्चीवरून त्याचा पाठलाग करावा, असे त्यांच्या मनात आहे. मी म्हणालो, बाईंचा गुडघा दुखतो. ते म्हणाले, "गुडघा आपण काढून टाकू." अक्का, तो गुडघा कोणाचा आहे हे आपण ओळखले असेलच. करड्या आवाजाविषयी आणि लोकांना हात वर करावयास लावण्याविषयीही मी अधिक बोलत नाही. पण जुळ्या भावाचे नाव निघताच मी खरोखरच आवाज चढवला. वाचकाला चकवावे, फसवू नये, हा हिचा एकमेव धर्म होता. ऐनवेळी जुळा भाऊ काढणाऱ्या लेखकांची पुस्तके ही उलटी करून कपाटात ठेवीत असे. दिग्दर्शक शांतपणे म्हणाले, "ठीक आहे सर, मग तुमचा खरा शेवट द्या. महिनाअखेर." कात्रीबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांना कळले असावे. त्यांनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घेतला आणि विषय बदलला.

म्हणून मी अखेरचा उपाय केला. आपणांस ठाऊक नसेल, परंतु आमच्या सर्व पुस्तकांतील प्रेते मी आहे. खून जमतो की नाही हे पाहण्यासाठी ही मला प्रत्यक्ष जमिनीवर निजवीत असे: कधी सोफ्यामागे, कधी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, एकदा कपड्यांच्या कपाटात अर्धा आत आणि अर्धा बाहेर. मी काही सुचवू लागलो की, "प्रेताला मत नसतं," असे उत्तर मिळे. हात कोठे पडला, नजर कोठे गेली, दारातून येणाऱ्यास आधी काय दिसेल, हे सारे पाहून झाले की ही म्हणे, "उठा आता." तोवर उठावयाचे नाही, हा नियम. तर मी विचार केला की, प्रकाशकाच्या जागी पडून पाहावे. मरताना त्याला काय दिसले ते मलाही दिसेल. पुस्तकांचे कपाट आणि शिवणयंत्र यांच्यामध्ये मी हस्तलिखिताबरहुकूम पडलो. डावा हात कपाटाकडे. तोंड किंचित उघडे.

त्याच सकाळी गळक्या नळासाठी प्लंबरला बोलावले होते आणि त्याच्यासाठी दार लोटून ठेवले होते, हे मी साफ विसरलो. तो आत आला. "काका? ओ काका, नळ कुठला?" मला उत्तर द्यावयाचे होते; परंतु प्रेताला मत नसते, आणि नियम मोडण्याची मला सवय नाही. पुढच्या क्षणी तो जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडला, "वहिनी! वर या, काका गेले!" वहिनी भिजल्या हातांनी धावत आल्या. "अहो भाऊजी, असं काय करता हो... कालचा डबाही तसाच पाठवलात..." त्यांचा आवाज फाटला. मला फारच लाज वाटली, परंतु अंग हलेना. मी खरोखरच वाट पाहत होतो, अक्का. कशाची, ते आपणांस सांगावयास नको. मग तो प्लंबर गुडघ्यांवर बसला, माझ्या खांद्याला हात लावला आणि म्हणाला, "उठा हो काका. उठा आता." त्याला आपण काय बोललो याची काही कल्पना नव्हती. मी उठलो. उठून, त्याचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता म्हणून, "स्वयंपाकघरातला," असे म्हणालो.

वहिनी खुर्चीत बसून रडल्या आणि मग उभ्या राहून बोलल्या. "मेल्यासारखं पडायचं असेल तर आधी सांगत जा!" हे त्यातील लिहिण्याजोगे एकच वाक्य. तेव्हापासून त्या रोज सकाळी घंटा वाजवून मी उभा आहे का हे पाहून जातात. प्लंबरने नळ दुरुस्त केला, आणि जाताना दारात थबकून विचारले, "पण मारलं कोणी होतं?" मी सारी हकीकत सांगितली होती ना. त्याचा संशय पुतण्यावर आहे.

आपण विचाराल की, प्रोफेसर, वेळ होता तेव्हा तिलाच का विचारले नाही? इस्पितळात ही उपांत्य प्रकरण सांगत होती. उशीला टेकून, डोळे मिटून, थांबत थांबत. (एकदा ही म्हणाली, "डोस वाढवा थोडा, पण कोणाला कळता कामा नये," आणि सलाईन बदलणाऱ्या नर्सबाई तशाच मोठ्या डॉक्टरांना घेऊन आल्या. मी हस्तलिखित वाचून दाखवले तेव्हा कोठे माझी सुटका झाली.) ते प्रकरण संपले आणि मी लेखणीला टोपण लावले. एरवी त्या क्षणी मी विचारीत असे, "हं, आता सांग, कोण?" त्या दिवशी विचारले असते तर त्याचा अर्थ एकच झाला असता, की उद्या विचारावयास मिळेल याची मला खात्री नाही. ही बराच वेळ माझ्याकडे पाहत होती. न विचारता सांगितले असते तर त्याचाही अर्थ तोच झाला असता. म्हणून मी विचारले नाही आणि हिने सांगितले नाही. मी म्हणालो, "शेवटचे प्रकरण घरी गेल्यावर करू." ही म्हणाली, "करू की."

तरी अक्का, हिने जर गच्चीतून आपणांस नाव सांगितले असेल, तर ते कळवावे. चौघांपैकी कोण, एवढेच पुरे; कसे आणि का, ते मी जुळवून घेईन. थंडी वाढते आहे, गुडघ्यास जपावे. सूनबाईंस आशीर्वाद सांगावे.

आपला नम्र,
बहिणीचा नवरा
(ज्यास आपण 'प्रोफेसर' म्हणून हाक मारता आणि ती हाक कौतुकाची नसते, तो)

ता. क. एवढ्याशा प्रश्नासाठी फोन का केला नाही, असे आपल्या मनात येईल. फोनवर आपला आवाज हुबेहूब हिच्यासारखा येतो. मागे एकदा मी फोन केला आणि आपण "हॅलो" म्हणालात तेव्हा मी ठेवून दिला. तो 'राँग नंबर' मीच होतो. राग नसावा.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करताना मनात एक विचार आला, म्हणून ते पुन्हा उघडले आहे. नाव मला कळवू नये. हिला मला सांगावयाचे आता एवढे एकच राहिले आहे. ते आपल्या पत्रातून, चार अक्षरांत, टपालाने कळावे असे मला वाटत नाही. आपण ते परस्पर कात्रीबाईंना कळवावे (पत्ता मागे लिहिला आहे). मी आताच फोनवरून त्यांच्याशी बोललो आहे. उपांत्य भागापर्यंत मी लिहीन आणि शेवटचा भाग त्या लिहितील. माझी वाक्ये पूर्वीसारखीच अडाणी राहतील आणि सर्व संशयितांशी सभ्यतेने वागतील. शेवट मी पडद्यावरच पाहीन. आपण त्या दिवशी येथे यावे, माझ्याशेजारी बसावे आणि आयुष्यात एकदा तरी शेवट आधी फोडू नये. जिन्यासाठी वहिनी आणि मी आहोत. प्लंबरनेही येण्याचे कबूल केले आहे.

ता. क. तिसरा आणि अखेरचा. हिने आपणांसही नाव सांगितलेले नसेल, अशी एक शक्यता तर्कदृष्ट्या उरते. तसे असल्यास आपणच विचार करून चौघांपैकी एकाचे नाव कात्रीबाईंना कळवावे, आणि ते हिनेच सांगितले होते असे ठामपणे लिहावे. आपण दोघी एकाच घरात वाढलात. फार चूक होणार नाही. मला मात्र हे कधीही कळू देऊ नये. खोटे बोलताना आपण समोरच्याकडे रोखून पाहता, हे मला ठाऊक आहे. म्हणून खुनी पकडला जाईल तेव्हा आपण पडद्याकडे पाहावे, माझ्याकडे पाहू नये.